लढाई निर्णायक कधी म्हणायची? आणि ठाण्याचा किल्ला यादीत का नाही?

खाडीकाठ (ठाणे पूर्व)

जगातल्या निर्णायक लढायांची कुठलीही यादी उघडा, तीच नावं भेटतात. मॅरेथॉन, गौगामेला, हेस्टिंग्ज, वॉटर्लू, स्टालिनग्राड. आपल्याकडचं घ्यायचं तर पानिपत आणि प्लासी. ही नावं चुकीची आहेत असं मी म्हणत नाही. पण आत कोणाला घ्यायचं ते कशाच्या जोरावर, हे कोणी सांगत नाही. मेलेल्यांचा आकडा मोठा, सेनापती नामांकित आणि शक्यतो सगळं एका दिवसात आटोपलेलं असलं की लढाई यादीत जाऊन बसते.

माझी कसोटी अशी: त्या लढाईत जे गेलं ते हरलेल्या बाजूला पुढे कधी परत मिळालं का? नसेल, तर लढाई निर्णायक, मग तिथे पाचशेच माणसं लढलेली का असेनात.

या कसोटीवर मी एक नाव पुढे ठेवतो. ठाण्याचा किल्ला, डिसेंबर १७७४. कोर्ट नाक्याच्या मागे ज्या भिंतीला आपण सगळे 'जेलची भिंत' म्हणतो, तो हा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, पुरा व्हायच्या आतच १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. त्याबरोबर अख्खी साष्टी आली. साष्टी म्हणजे आजचं मुलुंड, भांडुप, अंधेरी, बोरिवली, घोडबंदर, सगळं. इंग्रजांकडे उरलं होतं माहीमच्या खाडीपलीकडचं मुंबई बेट, जिथे पिकत फारसं काही नव्हतं. धान्य, लाकूडफाटा, भाजी या बाजूने जायची. आपण खाडी बंद केली की त्यांच्या चुली अडचणीत.

सदतीस वर्षं हे चाललं. मग पुण्यात ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, त्यांचे काका राघोबादादा एकीकडे, त्यांच्या विरोधात एकत्र आलेले कारभारी म्हणजे बारभाई दुसरीकडे. त्यातच साष्टी-वसई परत घ्यायला पोर्तुगीजांचं आरमार येतंय अशी खबर मुंबईला लागली. इंग्रजांनी 'ते घेण्याआधी आपणच घेऊ' असं ठरवलं. जनरल गॉर्डनच्या हाताखाली फौज आली, वेढा पडला. खंदक भरून घ्यायचा पहिला प्रयत्न २७ डिसेंबरला आतल्या शिबंदीने, म्हणजे किल्ल्यातल्या सैन्याने, हाणून पाडला, इंग्रजांची शंभरेक माणसं गारद झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पुन्हा एल्गार केला आणि किल्ला पडला. आतली बहुतेक शिबंदी कापली गेली.

साष्टी पुन्हा कधीही मराठ्यांकडे आली नाही. पुढे त्याच जमिनीवर मुंबई वाढली. मला ही लढाई पानिपताच्या वर ठेवावीशी वाटते. तुमचं मत सांगा, आणि जगातल्या अशाच दुर्लक्षित लढाया असतील तर त्याही लिहा.

---

भीमथडीचा

धागा उत्तम, पण पानिपताच्या वर? साफ असहमत.

पानिपतात जमीन किती गेली हे मोजून चालत नाही. एका दिवसात भाऊसाहेब, विश्वासराव, तुकोजी शिंदे, यशवंतराव पवार गेले. जनकोजी आणि इब्राहिमखान गारदी हाती लागले आणि मारले गेले. पाच महिन्यांत नानासाहेब गेले. दरबारात ज्यांच्या शब्दाला वजन होतं अशी पिढीच संपली, म्हणून तर राघोबादादांना आवरायला कोणी उरलं नाही. थोरल्या माधवरावांचं निम्मं आयुष्य काकांशी झगडण्यात गेलं आणि २७ व्या वर्षी ते गेले. पुढे नारायणरावांचा खून, मग दादांची इंग्रजांशी बोलणी, आणि मग तुमचं ठाणं. ठाणं हे पानिपताचं फळ आहे. मुळाला यादीबाहेर ठेवून फळाला आत घेता?

---

मध्यरात्रीची_ठाणे_लोकल

चहा ठेवा मंडळी, पानिपत आलं म्हणजे धागा आता शंभरी गाठणार. 🙂

---

खाडीकाठ

@भीमथडीचा, मुद्दा वजनदार आहे. तरी विचारतो, पानिपतात गेलेली उत्तर परत मिळाली की नाही? दहा वर्षांत महादजी शिंदे दिल्लीत होते. जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाह आलमला तख्तावर बसवलं ते मराठ्यांच्याच फौजेने. अब्दालीने जिंकून काय कमावलं? तो दोन-तीन महिन्यांत परत फिरला, आणि चारच वर्षांत लाहोर शिखांनी घेतलं. जिंकणाऱ्याच्या पदरात काही न टाकणारी लढाई भयंकर होती, काळीज फाटावं अशी होती. निर्णायक मात्र मी तिला म्हणणार नाही.

---

नेरुळची_मेघना

मी आठवी-नववीला इतिहास शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी समोर येतो. मुलांना मी कॅनीचं उदाहरण देते.

इ.स.पू. २१६. हॅनिबलकडे माणसं कमी, रोमन जवळपास दुप्पट. त्याने मधली फळी मुद्दाम पुढे काढून ठेवली आणि रोमनांचा रेटा आला तशी हळूहळू मागे घेतली. रोमन आत घुसत गेले. दोन्ही बाजूंचं आफ्रिकी पायदळ तोवर जागचं हललं नव्हतं, ते आतल्या अंगाला वळलं आणि घोडदळाने पाठीमागून येऊन तोंड बंद केलं. पन्नास हजारांच्या आसपास रोमन एका दुपारी मेले. जगभरच्या सैनिकी शाळांत आजही ही लढाई शिकवतात.

आणि युद्ध कोण जिंकलं? रोम. रोमने तहच केला नाही. नव्या पलटणी उभ्या केल्या, हॅनिबलशी समोरासमोर लढायचं टाळलं, त्याच्या मित्रशहरांना एकेक करून परत घेतलं आणि शेवटी युद्ध आफ्रिकेत नेलं. इ.स.पू. २०२ मध्ये झामाला हॅनिबल हरला आणि कार्थेज पुन्हा उभं राहिलं नाही. डावपेच म्हणून झामा कॅनीच्या जवळपासही येत नाही. पण धागाकर्त्यांच्या कसोटीवर झामा आत, कॅनी बाहेर. मला ही कसोटी पटते.

---

तोफखान्यातला (खारघर)

तीस वर्षं फौजेत काढली, त्यामुळे माझी नजर आधी रसदीकडे जाते. लढाईचा दिवस लोकांच्या लक्षात राहतो. पण बहुतेक वेळा तो दिवस उजाडायच्या आधीच निकाल लागलेला असतो.

स्टालिनग्राड घ्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये रशियनांनी शहरावर सरळ हल्ला न करता दोन्ही बगलांना असलेल्या रुमानियन तुकड्या फोडल्या आणि पाउलसची सहावी फौज कोंडली. जर्मन म्हणाले, विमानाने पुरवठा करू. फौजेला रोज किमान तीनशे टन माल हवा होता, सरासरी शंभराच्या आसपास उतरत होता. त्या हिशोबाने पहिल्या आठवड्यातच सगळं कळून चुकायला हवं होतं. २ फेब्रुवारी १९४३ ला शरणागती पूर्ण झाली तेव्हा ९१,००० जण कैद झाले, मायदेशी पोचले पाच-सहा हजार.

आता पानिपत पाहा. भाऊसाहेब कुंजपुऱ्यात असताना अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि दिल्लीची वाट तुटली. तरी गोविंदपंत बुंदेले दोआबात त्याची रसद मारत होते तोवर दोन्ही छावण्या सारख्याच उपाशी होत्या. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले. माझ्या मते पानिपताचा निकाल तिथे लागला, १४ जानेवारीला नाही. उपाशी माणूस आणि उपाशी घोडा घेऊन तोफांच्या आडोशाने चालत दिल्ली गाठायची होती. गोलाची लढाई म्हणतात ती हीच, फौजेने गोल धरून सरकायचं. गोल मोडला की संपलं.

---

भीमथडीचा

@तोफखान्यातला, सर, हे वाचून अंगावर काटा आला. गोविंदपंतांना बखरींत नीट जागा मिळालेली नाही, हे माझं जुनं दुःख आहे.

---

कोकणी_गलबत (ऐरोली)

सगळे जमिनीवरच लढताय. समुद्राचं काय?

फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग. तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना खेटून, बांधून उभं होतं. समोर अॅडमिरल वॉटसनची इंग्रजी जहाजं आणि जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज. हो, पेशव्यांची. इंग्रजांचा एक गोळा आंग्र्यांनी पूर्वी पकडलेल्या एका जहाजावर पडला, आग लागली, दोराला दोर आणि शिडाला शीड लागून सगळं आरमार जळालं. कान्होजींनी उभं केलेलं, ज्याच्या दस्तकाशिवाय (परवान्याशिवाय) या किनाऱ्यावर गलबत हलत नव्हतं, ते एका दुपारी राख झालं. पुन्हा त्या ताकदीचं मराठी आरमार झालं नाही. खाडीकाठ, तुमच्या कसोटीवर हे ठाण्याच्याही वर जातं.

अजून एक. त्या मोहिमेत जमिनीवरच्या तुकडीचा प्रमुख होता रॉबर्ट क्लाइव्ह. वॉटसन आणि क्लाइव्ह हीच जोडी त्याच वर्षाअखेरीस बंगालला गेली आणि जून १७५७ मध्ये प्लासी झाली. पेशव्यांनी घरचा वैरी मारायला ज्यांना बोलावलं, ते दीड वर्षाच्या आत बंगालचे मालक झाले.

---

सदाशिवपेठी_आता_घणसोलीत

तुळाजींनी पेशव्यांचे वकील मारले, सावंतांचा, प्रतिनिधींचा मुलूख लुटला, हेही लिहा की. नानासाहेबांना एकट्याला आरोपी करायची फॅशन झाली आहे.

---

कोकणी_गलबत

तुळाजी साधू होते असं मी कुठे म्हटलंय? भावकीतला उद्दाम माणूस वठणीवर आणायचा तर माणूस आणा, जहाजं जाळू देऊ नका. किल्ला मराठ्यांच्या हाती द्यायचं ठरलं असताना इंग्रजांनी आधी आत शिरून लूट आपसात वाटली आणि किल्लाही पुढे कित्येक महिने दाबून ठेवला. त्यातून तरी शहाणपण यायला हवं होतं.

---

व्यवस्थापक

दोघांनाही विनंती, पेशवे विरुद्ध आंग्रे यासाठी आधीच दोन धागे आहेत. इथे लढायांवर बोलू या.

---

जालन्याची_माती

माझं आजोळ भोकरदन तालुक्यात, म्हणून असई मला लिहायलाच हवी.

२३ सप्टेंबर १८०३. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज. इंग्रज सेनापती वेलस्लीला वाटलेलं, त्यापेक्षा ती एक दिवस आधी आणि फार जवळ सापडली. त्याची निम्मी फौज दुसऱ्या वाटेने येत होती. केळनेचे काठ उभे. वाटाडे ठामपणे म्हणत होते, इथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं, तर नदीच्या अल्याड एक गाव आणि बरोबर समोर पल्याड दुसरं, पिंपळगाव आणि वरूड. त्याने ताडलं की दोन गावं अशी समोरासमोर वसली आहेत म्हणजे माणसं ये-जा करत असणारच, आणि तिथे उतार असणारच. निघाला. फौज नदीपार झाली, मराठ्यांच्या बगलेवर आली.

त्या नदीकाठच्या माणसांना हे सांगायला दुर्बीण लागत नाही. बाया तिथूनच पलीकडच्या बाजाराला जातात. पण तिथे राहणाऱ्याला जे ठाऊक होतं ते हेरायला परका सेनापती लागला, आणि आपल्या बाजूने त्या उतारावर साधी चौकी नव्हती. हे मला आजही खुपतं.

आता दुसरी बाजू, कारण ती कमी सांगितली जाते. शिंद्यांच्या चाकरीतल्या पोहलमनच्या कंपूंनी (कवायती पलटणींनी) बगलेवर शत्रू दिसताच अख्खी फळी काटकोनात फिरवली. तोफांसकट. त्या काळात हे काम करून दाखवणाऱ्या पलटणी युरोपातही मोजक्याच होत्या. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. काही जण मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज फळी पुढे गेल्यावर उठून त्याच तोफा मागून डागू लागले. इंग्रजांची दीड हजारांवर माणसं मेली-जखमी झाली, लढलेल्यांत जवळपास तिसरा हिस्सा. पुढे नेपोलियनला हरवणाऱ्या या माणसाला म्हातारपणी विचारलं, तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, तर त्याने वॉटर्लू म्हटलं नाही. असई म्हणाला.

---

नेरुळची_मेघना

@जालन्याची_माती, हा प्रतिसाद उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे. फळ्यावर दोन नद्या काढून.

---

पटपडगंज

असई प्रसिद्ध झाली ती वेलस्लीमुळे. त्याच महिन्यात ११ सप्टेंबरला दिल्लीसमोर पटपडगंजला इंग्रज सेनापती लेकने शिंद्यांच्या पलटणी मोडल्या आणि म्हातारा, आंधळा शाह आलम इंग्रजांच्या 'आश्रयाला' गेला. १ नोव्हेंबरला लासवारीला उरलेल्या कंपूंनी शेवटपर्यंत झुंज दिली. दिल्लीवरचा मराठ्यांचा हात तेव्हा सुटला तो सुटलाच. कसोटी लावायचीच तर निर्णायक दिल्ली, असई त्याखाली.

---

बक्सरवाला

मग प्लासीचंही सांगतो. प्लासीला लढाई नावालाच होती, नवाबाचा सेनापती मीर जाफर बाजूला उभा राहिला आणि काम झालं. खरी कसोटी २२ ऑक्टोबर १७६४, बक्सर. समोर बंगालचा मीर कासिम, अवधचा शुजा-उद्दौला आणि खुद्द बादशहा, तिघे. फितुरीवर नाही, रणांगणावर हरले. पुढच्या वर्षी दिवाणी कंपनीला. बंगालचा महसूल हाती आल्यावर कंपनी आपल्याच देशातल्या पैशाने आपल्याच देशातले शिपाई ठेवू लागली. तिथून पुढे प्रत्येक लढाईत त्यांच्या मागे बंगालची तिजोरी होती.

---

तोफखान्यातला (खारघर)

@बक्सरवाला, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आणि उलट उदाहरण आपल्या शेजारचं आहे. पनवेलचं.

नोव्हेंबर १७७८ मध्ये राघोबादादांना गादीवर बसवायला मुंबईची फौज निघाली ती पनवेलला उतरली. चार हजारांच्या आत माणसं, पण सामान वाहायला १९,००० बैल. बोरघाट चढल्यावर ती फौज मैल-मैलभराने सरकत होती. महादजी आणि हरिपंत फडके यांनी समोरासमोर लढाई दिलीच नाही. घोडदळाने चारी बाजूंनी टोचत राहायचं, पुढची गावं रिकामी करायची, गवत-धान्य जाळायचं. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट, आपला 'इष्टुर फाकडा', तोफेच्या गोळ्याने गेला. तळेगाव गाठलं तर तेही जळालेलं. रात्री तोफा तळ्यात ढकलून फौज मागे फिरली, वडगावला कोंडली गेली आणि तहावर सही करून सुटली. रसद तोडून घेतलेला असा स्वच्छ विजय आपल्या इतिहासात बाजीरावांच्या पालखेडनंतर हाच.

रोज द्रुतगती मार्गाने पुण्याला जाणाऱ्यांनी लोणावळा ते वडगाव हा पट्टा एकदा या नजरेने पाहावा.

---

खाडीकाठ

आणि त्या वडगावच्या तहात साष्टी परत द्यायचं कलम होतं! मुंबईकर इंग्रजांनी सुटका होताच ते झिडकारलं, गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने मानलं नाही आणि बंगालहून गॉडर्डची फौज आली. १७८० च्या डिसेंबरात वसईही घेतली. तुम्ही म्हणता ती बंगालची तिजोरी इथे दिसते. रणांगण आपण जिंकलं, किल्ला त्यांच्याकडेच राहिला.

---

साकेतचा_सायकलस्वार

थोडं अवांतर. तो किल्ला आतून बघता येतो का? मी रोज भिंतीच्या कडेने जातो.

---

खाडीकाठ

कारागृह आहे, आत सहज जाता येत नाही. बाहेरून मात्र बुरुजाचा घेर आणि तटाचा उतार नीट कळतो, रस्त्यावर उभं राहून पाच मिनिटं पाहा. याच किल्ल्यातून १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून निसटले. १९१० च्या एप्रिलमध्ये अनंत कान्हेरे आणि त्यांच्या दोन साथीदारांना फाशी दिलं गेलं तेही इथेच. नुसतं 'जेल' म्हणून ती भिंत ओलांडून जाणं मला जड जातं.

हिंडायला घोडबंदरचा किल्ला आहे, बेलापूरचा आहे (पाम बीच रोड संपतो त्या किल्ला जंक्शनजवळ) आणि अर्थात वसई. वसईला पोरांना घेऊन जाच. सुरुंग लावून बुरूज उडवायचा म्हणजे काय, ते त्या तटाची जाडी पाहिल्यावरच समजतं.

---

हंपीवेडी

उशिरा आले. कसोटीला सगळ्यांत चोख उतरणारी लढाई मला तालिकोटाची वाटते, जानेवारी १५६५. विजयनगरचा रामराया पकडला गेला, जागच्या जागी मारला गेला आणि विजयनगरची फौज विस्कटली. पण राज्य त्या दिवशी संपलं नाही. त्याचा भाऊ तिरुमल खजिना हत्तींवर लादून पेनुकोंड्याला गेला, घराणं पुढेही काही पिढ्या टिकलं. परत मिळाली नाही ती राजधानी, हंपी. म्हणून विचारते, खाडीकाठ, लढाईने घेतलं की त्यानंतरच्या माघारीने? तिरुमल हंपीत पाय रोवून राहिला असता तर तीच लढाई कॅनीसारखी 'एक मोठा पराभव' म्हणून उरली असती का?

---

भीमथडीचा

हंपीवेडी ताईंनी नेमकं बोट ठेवलं. हेच मी ठाण्याबद्दल विचारणार होतो. इंग्रजांशी झालेल्या १७८२ च्या सालबाईच्या तहात आपण वसई परत घेतली, पण साष्टी सोडून दिली. का? किल्ला १७७४ ला पडला हे खरं, पण गेला तो १७८२ ला कागदावर. मग निर्णायक लढाई की निर्णायक तह?

---

खाडीकाठ

दोघांना एकत्र उत्तर देतो.

सालबाईला मराठ्यांची बाजू पडती नव्हती. गॉडर्ड १७८१ मध्ये बोरघाटातून मार खाऊन पनवेलकडे परतला होता आणि दक्षिणेत म्हैसूरचा हैदर कंपनीच्या उरावर बसला होता. तरी इंग्रजांनी वसई, गुजरातेतला मुलूख यांवर पाणी सोडलं, साष्टीवर नाही. कारण आठ वर्षांत त्यांना कळलं होतं की साष्टी हाती असेल तर मुंबई कोणी उपाशी मारू शकत नाही. वसई त्यांना हवी होती, साष्टी त्यांच्या जिवाची होती. महादजींपुढे दिल्लीचं राजकारण उभं होतं, त्यांना युद्ध आटोपायचं होतं. नाना फडणवीस सहीला महिनोन् महिने थांबले. ज्याला जागेची गरज जास्त, त्याने ती धरून ठेवली.

म्हणून हंपीवेडी, तुमच्या प्रश्नावर माझं म्हणणं असं की तिरुमलाने राजधानी सोडली आणि आपण साष्टी, या दोन्ही गोष्टी लढाईनंतरच्या आहेत हे खरं. पण लढाईने त्यांना तो निर्णय घ्यायला भाग पाडलं. २८ डिसेंबरच्या संध्याकाळी तो तट टिकला असता, तर सालबाईच्या कागदावर साष्टीचं कलमच आलं नसतं. आतल्या शिबंदीने आदल्या दिवशी शंभर माणसं पाडून दाखवली होती. पुण्याहून कुमक पोचायला आणखी थोडे दिवस मिळायला हवे होते. त्या शिबंदीचं नाव घेणारा एक फलकही आपल्या गावात नाही, आणि तो लागावा म्हणून मी पालिकेकडे अर्ज करणार आहे. सोबत सही करायला कोण कोण येतंय?

---

साकेतचा_सायकलस्वार

मी. घर दहा मिनिटांवर आहे.

---

तोफखान्यातला (खारघर)

माझंही नाव घाला. मजकूर लिहाल तेव्हा गॉर्डनचं नाव खाली, शिबंदीचं वर.

---

हंपीवेडी

सही पक्की. आणि तालिकोटावर वेगळा धागा काढते, इथे तिला दोन ओळींत गुंडाळणं बरं नाही.

---

भीमथडीचा

अर्जाला सही देतो. पानिपत मात्र पहिलं. त्यावर माझा शब्द बदलणार नाही.